विश्लेषण : सलूनमधील ब्लेड, रस्त्यातील सुई… हिपॅटायटीस ‘सी’ची भीती किती खरी?

दाढी करताना ब्लेड जरासे लागले, कारागिराने सर्वांसाठी असलेली तुरटी त्यावर फिरवली आणि गिऱ्हाईक घरी आले. रात्री मोबाइलवर शोधाशोध झाली आणि झोप उडाली. कुणाला बसच्या आसनावर काहीतरी टोचते, कुणाच्या हाताला दुसऱ्याच्या रक्ताचा डाग लागतो. मग हिपॅटायटीस ‘सी’च्या चाचण्यांचा फेरा सुरू होतो. अहवाल निर्दोष आला तरी मन मानत नाही. ही भीती कितपत खरी आणि खरा धोका कुठे, याविषयी…

हिपॅटायटीस ‘सी’ म्हणजे काय?

आपल्याकडे यकृताच्या कोणत्याही दाहाला सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. दूषित पाणी आणि अन्नातून पसरतात ते हिपॅटायटीस ‘ए’ आणि ‘ई’. ‘सी’ हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. या विषाणूवरील संशोधनासाठी हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना सुरुवातीला काहीच लक्षणे नसतात. सुमारे ३० टक्के जणांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांमध्ये तो वर्षानुवर्षे राहतो आणि काहींना यकृताचा सिऱ्हॉसिस किंवा कर्करोग होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, भारतात २०२२ मध्ये हिपॅटायटीस ‘सी’चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. म्हणजे ढोबळमानाने हजार लोकांमागे चार.

लागण कशातून होते, कशातून नाही?

न तपासलेले रक्त, पुन्हा वापरलेली सुई वा सिरिंज, नशेसाठी एकत्र वापरलेली इंजेक्शने, निर्जंतुक न केलेली वैद्यकीय, दातांची किंवा टॅटूची उपकरणे हे प्रमुख मार्ग. बाधित आईकडून बाळाला जन्मावेळी लागण होऊ शकते. लैंगिक संबंधांतून ती होऊ शकते, मात्र एकमेकांशीच संबंध असलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांत हे फार दुर्मीळ आहे.

एका ताटात जेवणे, मिठी मारणे, शिंक, खोकला, डास चावणे किंवा स्तनपान यांतून हा विषाणू पसरत नाही. धडधाकट त्वचेवर रक्त पडल्यानेही लागण होत नाही. मग भीती कुठून येते? प्रयोगशाळेत वाळलेल्या रक्ताच्या थेंबात हा विषाणू खोलीच्या तापमानाला सहा आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो, असे दिसले आहे. शोध घेणाऱ्याला हीच ओळ आधी दिसते. पण विषाणू जिवंत असणे आणि तो पुरेशा प्रमाणात दुसऱ्याच्या रक्तात पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुई टोचली तर धोका किती?

याची सर्वांत विश्वासार्ह आकडेवारी आरोग्य कर्मचाऱ्यांची आहे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार, बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचल्यास लागणीची शक्यता सुमारे ०.२ टक्के, म्हणजे ५०० मध्ये एक. पूर्वी ती १.८ टक्के मानली जाई. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालेल्यांमध्ये या अभ्यासात एकही लागण आढळली नाही.

आता सुई कुणाची हे माहीत नसेल तर? हजारात चार जण बाधित आणि त्यांपैकी एकाची सुई टोचल्यास ५०० मध्ये एक लागण, असा गुणाकार केला तर शक्यता सुमारे सव्वा लाखात एक इतकी येते. हे गणित ढोबळ आहे. नशेसाठी वापरलेली किंवा डायलिसिस विभागातील सुई असेल तर धोका वाढतो. पण रस्त्यातली जुनी, सुकलेली सुई असेल तर तो आणखी कमी होतो.

सलूनचे काय? कारागिराने नवे ब्लेड समोर मोडून वस्तऱ्यात घातले असेल तर काळजीचे कारण नाही. तेच ब्लेड दोघांना वापरणे मात्र चूकच. नवे ब्लेड मागणे आणि तुरटीला नकार देणे, एवढे पुरेसे आहे.

चाचणी कधी करावी?

टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, त्यावर ब्लीच ओतू नये. हिपॅटायटीस ‘सी’साठी लागणीनंतर लगेच घ्यायचे प्रतिबंधक औषध किंवा लस नाही. मात्र हिपॅटायटीस ‘बी’ची लस आणि एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध आहे. एचआयव्हीचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. त्यामुळे खरोखर सुई टोचली असेल तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली अँटिबॉडी चाचणी ताज्या लागणीबद्दल काहीच सांगत नाही. सीडीसीच्या पद्धतीनुसार आधी ज्याचे रक्त आहे त्याची चाचणी होते. तो बाधित असेल किंवा माहीत नसेल, तर तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए आणि चार ते सहा महिन्यांनी अँटिबॉडी चाचणी केली जाते. दोन्ही निर्दोष असल्यास विषय संपतो.

वारंवार चाचण्या केल्याने नुकसान काय?

समजा, एखादी चाचणी निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा अचूकपणे निरोगी ठरवते. हजार सामान्य लोकांची तपासणी केली तर चार खरे रुग्ण सापडतील आणि सुमारे दहा निरोगी लोकही ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे १४ पैकी दहा अहवाल चुकीचे. धोका नसताना चाचणी केल्यास घबराट वाढण्याचीच शक्यता अधिक, ती यामुळे. शिवाय बरे झालेल्यांमध्येही अँटिबॉडी वर्षानुवर्षे टिकते. म्हणून अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, आरएनए चाचणीनेच तो ठरतो.

थकवा, भूक मंदावणे, पोटात जडपणा ही लक्षणे चिंतेतूनही येतात. योग्य वेळी केलेल्या चाचण्या निर्दोष असूनही शंका जात नसेल, रोज शोध घ्यावासा वाटत असेल, तर पुन्हा रक्त देण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे उपयोगी. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मग चाचणी कुणी करायलाच हवी?

भीती एका बाजूला आणि धोका दुसऱ्याच बाजूला, अशी स्थिती आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटीस ‘बी’चा उद्रेक झाला होता, त्यामागे पुन्हा वापरलेल्या सिरिंज होत्या. ‘सी’सुद्धा याच वाटेने जातो. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त घेणारे, अनेक वर्षांपूर्वी रक्तपेढ्यांत ही तपासणी होत नसताना रक्त घेतलेले, इंजेक्शनने नशा करणारे, एचआयव्हीबाधित, बाधित आईची मुले आणि गल्लीतल्या ‘डॉक्टर’कडून एकाच सिरिंजने सुया घेतलेले, या सर्वांनी एकदा तरी चाचणी करून घ्यावी. यातील अनेकांना आपल्याला आजार असल्याची कल्पनाही नसते.

उपचार आहेत का?

आहेत आणि तेच सर्वांत दिलासादायक. थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, तेही साधारणपणे १२ आठवड्यांत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात चाचणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. इजिप्तमध्ये एकेकाळी या आजाराचे प्रमाण जगात सर्वाधिक होते. तिथे कोट्यवधी लोकांची तपासणी करून गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराच्या निर्मूलनाच्या वाटचालीत ‘सुवर्ण’ श्रेणी गाठणारा पहिला देश म्हणून इजिप्तची नोंद घेतली.

म्हणजे सव्वा लाखात एक असलेली शक्यता खरी ठरली, तरी तो आजार बरा होणारा आहे. उशिरा कळणे हाच त्यातला मोठा धोका. त्यामुळे सहाव्यांदा निर्दोष अहवाल घेणाऱ्यापेक्षा एकदाही तपासणी न झालेल्या डायलिसिसच्या रुग्णापर्यंत ती चाचणी पोहोचणे अधिक गरजेचे आहे.