जुना मोबाईल घेता-देताना

यंत्रमागावर, गोदामात राबणाऱ्या आपल्या भिवंडीतल्या घरांत मुलांच्या अभ्यासासाठी मोबाईल घ्यायचा तर बहुधा जुनाच परवडतो. हल्ली तो इंटरनेटवरच्या जाहिराती पाहून घेतात. समोरचा माणूस अनोळखी असला, तरी आपले पंचशील तेच असते.

विकणाऱ्याने काच बदललेली असेल, बॅटरी लवकर उतरत असेल, तर आधी सांगावे. दोष झाकणे म्हणजे खोटे बोलणेच. एकाला शब्द दिल्यावर दुसऱ्याने शंभर रुपये जास्त देऊ केले म्हणून फिरू नये. आपले फोटो पुसून, खाती काढून, बिलासह मोबाईल द्यावा.

घेणाऱ्याने दिवसा, एस. टी. स्टँडसारख्या वर्दळीच्या जागी भेटावे. *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून हा नंबर लिहावा आणि १४४२२ वर संदेश पाठवावा. नंबर काळ्या यादीत निघाला तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. ज्याचा मोबाईल चोरीला गेला, तोही आपल्यासारखा कामगारच असेल.

पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो मागणारा ठक समजावा. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती विहारात म्हणायची आणि बाजारात विसरायची, हे आम्हाला शोभत नाही.

जयभीम!