गणवेश, ओढणी आणि शाळेचे दार

रमजान आणि दहावी-बारावीची परीक्षा यंदाही एकत्र आली आहे. पहाटे सहरी आटोपून, फजरची नमाज पढून मुली पुस्तक उघडतात आणि रोजा ठेवूनच परीक्षा केंद्रावर जातात. त्यांतल्या काही डोक्यावर स्कार्फ बांधतात, काही बुरखा घालून केंद्राच्या फाटकापर्यंत येतात, काही यांतले काहीच घालत नाहीत. तिघींच्या प्रवेशपत्रावर मात्र एकच वेळ छापलेली असते आणि तिघींनाही त्याच प्रश्नपत्रिकेची धास्ती असते.

गेल्या वर्षी याच परीक्षांच्या तोंडावर, जानेवारी २०२५ मध्ये, राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून परीक्षा केंद्रात बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी केली होती. कारण दिले होते कॉपी आणि सुरक्षेचे. कॉपी रोखलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो असा, की त्यासाठी कपडा उतरवायला लावणे हा एकच मार्ग आहे का? आणि त्याहून मोठा प्रश्न : विद्यार्थ्यांनी काय घालावे, यावर शाळेने बंधने घालावीत का, आणि घातली तर ती कुठे थांबावीत?

गणवेशाची बाजू

आधी शाळेची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. गणवेश ही चांगली गोष्ट आहे. कारखानदाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर बसतात तेव्हा अंगावरचा सारखा कपडा त्यांच्यातले अंतर थोडे तरी कमी करतो. आई-बापांनाही रोज नव्या कपड्यांचा हट्ट पुरवावा लागत नाही. प्रयोगशाळेत गॅसच्या बर्नरजवळ सैल ओढणी, मोकळे केस, लोंबणारा कपडा धोक्याचा असतो. तिथे शिक्षकांनी कडक राहणेच योग्य. वर्गात शिकवताना समोरच्याचा चेहरा दिसावा, ही अपेक्षाही गैर नाही. परीक्षेला बसलेली मुलगी प्रवेशपत्रावरचीच आहे ना, हे तपासणे तर पर्यवेक्षकाचे कामच आहे.

म्हणजे शाळेला बंधने घालण्याचा अधिकार आहे. वाद आहे तो त्या अधिकाराच्या मर्यादेचा.

उडुपी ते चेंबूर

२०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकातील उडुपीच्या एका सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात सहा मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिले गेले नाही. बघता बघता इतर गावांतल्या महाविद्यालयांत काही मुले भगव्या शाली घालून आली आणि एका वर्गातला प्रश्न राज्यभर पेटला. सरकारला काही दिवस शाळा-महाविद्यालये बंद ठेवावी लागली. ५ फेब्रुवारीला सरकारने गणवेशाचा आदेश काढला. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, असे म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल लागले. न्या. हेमंत गुप्ता यांनी समानता आणि शिस्तीसाठी आदेश योग्य ठरवला. न्या. सुधांशू धुलिया यांनी तो रद्द ठरवला. त्यांच्या दृष्टीने मुलीचे शिक्षण हाच पहिला मुद्दा होता.

मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, बुरखा, टोपी, बॅज अशा सगळ्यांवर बंदी घातली. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. हा नियम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना सारखाच लागू आहे, असे सांगून जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. धर्म कळू नये म्हणून बंदी असेल तर नावावरून तो कळत नाही का, आणि टिळा लावणाऱ्यालाही अडवणार का, असे खंडपीठाने विचारले. त्याच वेळी वर्गात बुरखा घालून बसता येणार नाही आणि या आदेशाचा गैरवापर होऊ नये, हेही बजावले. थोडक्यात, डोके झाकणे आणि चेहरा झाकणे यांत न्यायालयाने फरक केला. हा फरक रस्त्यावरच्या वादात सहसा हरवतो.

आज हिजाब, उद्या जानवे

हा केवळ मुस्लिम मुलींचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बिदरकडे पाहावे. उदगीरच्या शेजारचे हे शहर. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकच्या सीईटी परीक्षेवेळी तिथल्या एका केंद्रावर विद्यार्थ्याला जानवे काढायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याचा गणिताचा पेपर बुडाला. शिवमोग्यातही असाच प्रकार घडला. राज्यभर संताप उसळला, सरकारला कारवाई करावी लागली. तो संताप रास्तच होता. एका दोऱ्याने कोणती कॉपी होणार होती? पण हाच प्रश्न स्कार्फ बांधलेल्या मुलीबद्दलही तितक्याच मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेतील डरबनच्या एका शाळेत तमिळ हिंदू मुलीने नाकात चमकी घातली. दागिने नकोत, असा शाळेचा नियम होता. प्रकरण तिथल्या घटनापीठापर्यंत गेले आणि २००७ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला. चमकी हिंदू धर्मात सक्तीची आहे का, या प्रश्नावर न्यायालय अडून बसले नाही. ती त्या मुलीच्या धर्माशी आणि संस्कृतीशी मनापासून जोडलेली आहे आणि तिच्यामुळे शाळेच्या शिस्तीचे काही बिघडत नाही, एवढे पुरेसे ठरले.

आपल्याकडेही असा दाखला आहे. केरळमध्ये १९८५ साली यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावले. श्रद्धा बहुसंख्यांना पटते की नाही हा मुद्दा नव्हता; ती प्रामाणिक आहे का आणि तिने इतरांचे काही बिघडते का, हा होता.

दर वेळी शाळा हरते असेही नाही. इंग्लंडमधील लूटन येथे एका मुलीने पायघोळ जिलबाबचा आग्रह धरला. शाळेने पालक आणि स्थानिक मशिदींशी बोलून सलवार-कमीज आणि स्कार्फ गणवेशात आधीच घेतलेला होता. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने शाळेची बाजू उचलून धरली. ज्या शाळेने आधी संवाद केला, सोय ठेवली, तिचा नियम न्यायालयात टिकला. पण त्या भांडणात मुलीची जवळपास दोन वर्षे शाळेबाहेर गेली. तो हिशेब कोणत्याच निकालाने भरून निघत नाही.

दार बंद झाले की काय होते

सगळ्या वादात नेमकी हीच गोष्ट मागे पडते. स्कार्फ मोठा की नियम मोठा, यावर मोठी माणसे भांडत राहतात आणि मुलगी घरी बसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे वाद मात्र बहुतेक अकरावीनंतर उद्भवतात, जिथे त्या कायद्याचे संरक्षण संपते. आणि नेमके तेच वय असते, जेव्हा घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होऊ शकतात. शिक्षण थांबवायला निमित्त शोधणाऱ्या घराला महाविद्यालयाचे बंद फाटक आयते निमित्त देते. मुलीला बंधनातून सोडवण्यासाठी केलेला नियम तिला चार भिंतींत परत पाठवणार असेल, तर तो कोणाच्या उपयोगाचा?

इथे समाजालाही स्वतःकडे पाहावे लागेल. ‘हिजाबशिवाय कॉलेज नको’ असे मुलीच्या वतीने परस्पर ठरवणारे वडील आणि भाऊ तिला विचारतात का? जी मुलगी स्कार्फ बांधत नाही तिला मोहल्ल्यात टोमणे का ऐकावे लागतात? कुरआनच्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची ताकीद आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. ती पहिली ताकीद विसरून सगळा भार मुलींच्या डोक्यावर टाकणे सोयीचे आहे, दीनदारीचे नाही. शाळेने सक्तीने उतरवणे चूक असेल, तर घराने सक्तीने चढवणेही चूकच आहे.

मधला रस्ता

वाट काढायची ठरवली तर ती फार अवघड नाही. केंद्रीय विद्यालयांत मुस्लिम मुलींना गणवेशाशी जुळणाऱ्या रंगाचा स्कार्फ चालतो, हे कर्नाटकच्या प्रकरणात न्यायालयापुढे मांडले गेले होते. आपल्या कितीतरी शाळांत वरच्या वर्गांतल्या मुलींच्या गणवेशात ओढणी असतेच. तीच ओढणी एका मुलीने खांद्यावर पिन केली आणि दुसरीने डोक्यावर घेतली, तर गणवेश मोडत नाही. परीक्षेपुरते बोलायचे तर नीटच्या नियमांत पारंपरिक पोशाखातल्या विद्यार्थ्यांनी लवकर हजर व्हावे, म्हणजे तपासणीला वेळ मिळेल, अशी तरतूद आहे. दहावी-बारावीच्या केंद्रावरही महिला कर्मचाऱ्याने आडोशाला चेहरा आणि प्रवेशपत्र पडताळले की काम होते. मुलींनी आणि पालकांनीही या तपासणीला कुरकुर न करता सहकार्य करावे. वर्गात चेहरा उघडा ठेवणे आणि प्रयोगशाळेत ओढणी खोचून घेणे, हे मान्य करण्यात कोणाचा कमीपणा नाही.

नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावेत. वर्षाच्या मध्यात एका सकाळी फाटकावर नवा फलक लावू नये. तो करताना पालकांना विचारावे. वरून लादलेल्या गणवेशाचे काय होते, हे महाराष्ट्राने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत पाहिले. २०२४-२५ मध्ये अनेक मुलांना कपडे वेळेत मिळाले नाहीत, मिळाले ते मापाचे नव्हते. अखेर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. या समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. अंगावरच्या कपड्याचा प्रश्न सोडवायला यापेक्षा योग्य जागा दुसरी कोणती? मुस्लिम आयांनी तिथे जाऊन बसले पाहिजे आणि बोलले पाहिजे.

सगळे करूनही मतभेद राहिला, तर एक गोष्ट पक्की ठरलेली असावी : वाद सुटेपर्यंत मुलगी वर्गातच बसेल. दंड, समज, पालकांना बोलावणे, काय करायचे ते करावे. पण तास बुडू नये आणि पेपर तर नाहीच नाही.

कुरआन उतरायला सुरुवात झाली ती रमजान महिन्यात आणि पहिला शब्द आला तो ‘इक्रा’, म्हणजे वाच. पुण्यात १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे सांगतात. लुगडे बदलावे लागले, पण शाळा बुडाली नाही. या आठवड्यात रोजा ठेवून पेपरला निघालेल्या मुलीला फाटकावर प्रवेशपत्र जरूर विचारावे. ते बरोबर असेल तर तिला आत जाऊ द्यावे.