मिस्त्रींच्या हाती गुण का नाहीत?

वस्तुरचनेच्या वर्गात दाखल झाले तेव्हा माझी समजूत अशी होती की आपण कागदावर काढायचे आणि करणारे कोणीतरी करील. पहिल्याच सत्रात ती समजूत उतरली. सागवानाच्या चार पट्ट्यांची चौकट करायची, खिळा वापरायचा नाही, एवढाच प्रकल्प. कागदावर दहा मिनिटांचे काम. कार्यशाळेत तीन आठवडे लागले. उलट्या रेषेवर रंधा मारला की लाकडाचे ढलपे निघतात, बोथट पटाशी लाकूड सोडून हातात शिरते, आणि डोळ्याला जो काटकोन वाटतो तो गुण्या लावला की काटकोन नसतो, हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी शिकवले. माझ्या चौथ्या चौकटीला ते नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"चा आनंद अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्या सत्रात मंडईत जमिनीवर भाजी मांडून बसणाऱ्या बाईसाठी आसन करायचे होते. मी दोन सकाळी मंडईत काढल्या, रेखाटने केली. उंची ठरवताना मात्र पुस्तकातले कोष्टक प्रमाण मानले आणि ३० सेंटिमीटर धरले. आराखडा पाहून मिस्त्रींनी विचारले, "भाजी भुईवर ना पोरी? मग बाईला वर कशाला चढवतेस?" मला ते जुन्या वळणाचे बोलणे वाटले. परीक्षकांनी तक्ते पाहिले, पॉलिशवरून बोट फिरवले आणि ५०पैकी ४१ गुण दिले. त्यावर बसून कोणी पाहिले नाही. पुढे ते आसन मी मंडईतल्या एका मावशींना नेऊन दिले. चार दिवसांनी गेले तर आसनावर तराजू आणि मावशी पोत्याच्या घडीवर! "वाकून वाकून कंबर धरली गं," त्या म्हणाल्या, "पण काटा ठेवायला झकास आहे."

म्हणजे मिस्त्रींना एका नजरेत जे दिसले ते आम्हा सर्वांना दिसले नाही. आणि त्यांच्या हाती एकही गुण नाही.

हा प्रश्न जुना आहे. १९१९ साली वॉल्टर ग्रोपियस यांनी जर्मनीत वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा काढली, तेव्हा प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू नेमण्याची पद्धत ठेवली: एक चित्रकार वा शिल्पकार, दुसरा कसबी कारागीर. मात्र तिथेही मान चित्रकाराचाच मोठा राहिला. आपल्याकडे १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला अहवाल दिला, ज्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात त्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे: हाताला बसणारा आकार, भरल्यावर आणि रिकामा असताना राखलेला तोल, ओतण्याची सोय. तो लोटा कोणा एका पदवीधराने केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांतून तो घडला आहे. त्याच परंपरेतला एक माणूस आमच्या कार्यशाळेत पटाश्यांना धार लावीत बसतो. परीक्षेच्या दिवशी त्याला खुर्च्या मांडायला सांगतात.

मिस्त्रींना कल्पनेतले काय कळते, असे कोणी म्हणेल. नसेल कळत. कल्पनेचे गुण प्राध्यापकांनीच द्यावेत, त्यात माझी तक्रार नाही (हे वाचून ते रागावणार नाहीत अशी आशा आहे). पण ५०पैकी २० गुण मिस्त्रींकडे द्यावेत, आणि वस्तू आठवडाभर वापरून पाहणाऱ्याकडे निदान १०. तसे झाले असते तर माझे ४१ खाली आले असते, हे मला ठाऊक आहे.

आसनाचे पाय मी नंतर कापले. आता उंची १२ सेंटिमीटर आहे. मिस्त्री त्यावर बसले, पुढे वाकून जमिनीला हात लावला आणि उठले. या आसनाला गुण नाहीत, कारण त्याचा तक्ता मी केलेला नाही.