संन्यासिनींनी जपलेले पूजावस्त्र

सोवळे जीर्ण झाले, तरी त्याचे पायपुसणे करण्यास गृहिणीचा हात धजत नाही. कॅथलिक धर्मगुरूंच्या पूजावस्त्रांनाही असाच मान असे. मात्र सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीत इंग्लंडमधील असंख्य पूजावस्त्रे जरीतील सोन्यासाठी जाळली गेली. आजीचे शालू मोडीत घालणाऱ्या आपणांस त्याचे नवल का वाटावे?

१३१०-२० च्या सुमारास भरतकाम केलेला एक झगा वाचलेल्या वस्त्रांपैकी आहे. लंडनजवळच्या सायन मठातील संन्यासिनींनी परागंदा होतानाही तो जिवापाड जपला, अशी परंपरा आहे. लिस्बनमध्ये दोन शतके काढून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यापैकी काहीजणी तो घेऊन मायदेशी परतल्या. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. रंग विटले आहेत; येशूच्या जखमेला स्पर्श करणारा संशयी थॉमस मात्र रेशमी टाक्यांत अजून स्पष्ट दिसतो.