पंचाविना डाव

खेळाविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा विजयाविषयी किंवा विक्रमाविषयी. ज्या डावात यांपैकी काहीच पणाला लागलेले नसते, जो चार माणसे जमली म्हणून मांडला जातो आणि ऊन चढले म्हणून मोडला जातो, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे आपण मानत नाही. अमेरिकेतील गावोगावच्या सार्वजनिक मैदानांवर वर्षानुवर्षे भरणारे ‘अल्टिमेट फ्रिसबी’चे हौशी गट पाहिले, की हा समज तपासून घ्यावासा वाटतो.

हा खेळ जन्मला तोच अशा एका गटातून. १९६८ साली न्यू जर्सीतील मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला, आणि शाळेच्या वाहनतळावर रात्री दिव्यांच्या उजेडात तो रंगू लागला. जोएल सिल्व्हर, बझी हेलरिंग आणि जॉनी हाइन्स या तिघांनी त्याचे नियम लिहून काढले. यांतला सिल्व्हर पुढे ‘डाय हार्ड’सारख्या चित्रपटांचा निर्माता म्हणून नावारूपाला आला. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला; अमेरिकन फुटबॉलचा तसा पहिला सामनाही याच दोन संस्थांत, याच तारखेला, १८६९ साली झाला होता. थट्टेत सुरू झालेल्या खेळाने आपला इतिहासही असा थट्टेत मांडून घेतला.

खेळ तसा सोपा. प्रत्येक बाजूला सात जण, १७५ ग्रॅम वजनाची तबकडी, आणि मैदानाच्या दोन टोकांना दोन पट्टे. प्रतिपक्षाच्या पट्ट्यात आपल्या गड्याने तबकडी झेलली की एक गुण. तबकडी हाती असताना धावता येत नाही. समोरचा दहापर्यंत मोजून संपवण्याच्या आत ती दुसऱ्याकडे द्यावीच लागते. एकट्याच्या पराक्रमाला त्यामुळे फारसा वाव उरत नाही. हौशी गटात तर मांडामांडही नाममात्र. येताना प्रत्येकाने एक पांढरा आणि एक गडद सदरा आणायचा, जमलेल्यांतून दोन बाजू पाडायच्या, पाचच जण असले तर मैदान लहान करायचे. ना नावनोंदणी, ना पदाधिकारी. नवखा आला तर त्याला आपल्या वाड्यांतल्या कच्च्या लिंबासारखे नुसते सामावून घेऊन भागत नाही. पट्ट्यात तो मोकळा उभा असेल तर तबकडी त्याच्याकडेच फेकावी लागते.

परंतु या खेळाचे खरे वैशिष्ट्य असे, की त्यात पंच नाही. जागतिक स्पर्धांतही निवाडा खेळाडूच करतात. धक्का लागला असे ज्याला वाटते तो तसे म्हणतो. समोरच्याला ते मान्य असेल तर प्रश्नच नाही. मान्य नसेल, तर दोघे आपापली बाजू थोडक्यात सांगतात, आणि तरीही एकमत झाले नाही तर सामान्यतः तबकडी शेवटी जिने फेकली त्या हाताकडे परत जाते. जणू ती फेक झालीच नव्हती असे समजून डाव पुढे चालू होतो.

आमच्या मते हा नियम या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. त्यात कोणालाही खोटे ठरवलेले नाही. दोघे प्रामाणिक असूनही दोघांनी दोन गोष्टी पाहिल्या असतील, ही शक्यता तो गृहीत धरतो. मतभेद मिटवण्याऐवजी तो तसाच राहू देऊन पुढे कसे जावे याची सोय करतो. हुइझिंगा या डच विचारवंताने ‘होमो लुडेन्स’ या १९३८ च्या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे: लबाड निदान खेळ मानल्याचे सोंग तरी करतो, मोडणारा मात्र खेळाचे विश्वच उधळून लावतो. हौशी गटाला भीती असते ती या दुसऱ्याची. ‘रडीचा डाव’ या आपल्या शब्दप्रयोगात जी लाज दडलेली आहे, तीच तेथे पंचाचे काम करते. पुढच्या रविवारी त्याच माणसांसमोर उभे राहायचे आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

याचा अर्थ ही व्यवस्था निर्दोष आहे असा नव्हे. जेथे पंच नसतो तेथे ज्याला नियम पाठ आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे त्याचे फावते. लाजरा नवखा आपले म्हणणे खरे असूनही गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला सौजन्य समजले जाते. शिवाय हा खेळ महाविद्यालयांतून पसरला. सुस्थितांच्या समूहात सलोखा तुलनेने स्वस्त असतो, हेही विसरता येणार नाही. बक्षीस आणि प्रेक्षक आले की लाजेचा अंमल ओसरतो. २०१२ साली सुरू झालेल्या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने पंच नेमले, ते उगीच नव्हे.

तरीही या आक्षेपांतून निघतो तो निष्कर्ष पंच आणावा असा नाही. जुन्या गड्याची जबाबदारी मोठी आहे, एवढाच तो आहे. नवख्याने बोलण्यापूर्वीच ‘धक्का माझा लागला’ असे म्हणणारी दोन माणसे ज्या गटात असतात, तो गट टिकतो. कोणतीही घटना किंवा देणगी एरवी त्याला तगवू शकत नाही. आपल्याकडे छोट्या वाङ्मयमंडळांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत पहिल्या मतभेदालाच माणसे तिसऱ्याकडे धाव घेतात, किंवा दुसरे मंडळ काढतात. आपल्याला नियम कमी पडतात असे नाही. तबकडी मागे देऊन, मनात आपले मत तसेच ठेवून, त्याच माणसाबरोबर पुन्हा खेळायला उभे राहण्याचा सराव मात्र आपण केलेला नाही. तो सराव नियमावलीतून येत नाही. त्याला दर आठवड्याला मैदानावर जावे लागते.