तेल आहे का?

डिसेंबरच्या तोंडावर ऑफिसात सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघतात, तेव्हा आमच्या वसईच्या चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटते. गंमत म्हणजे त्या रविवारच्या शुभवर्तमानात बाळ येशू नसतोच! असतं एवढंच: जागे राहा, प्रभू कधी येईल ठाऊक नाही. मी तर अलार्म तीनदा स्नूझ करणारा! दहा कुमारिकांच्या दाखल्यात डुलकी शहाण्या पाचजणींनाही लागते, पण त्यांच्याकडे जादा तेल असतं. आणि ते उसनं मिळत नाही. मोठ्या भावाशी मी दोन वर्षं बोललेलो नाही. आई रोज प्रार्थना करते ना, मग झालं, असं धरून चाललो होतो. परवा लोकलमध्ये भाईंदरला त्याचा नंबर काढला. नायगाव गेलं. वसईला उतरल्यावर लावला. रिंग वाजत होती.