डब्याची जाहिरात दिसत नाही, तरी डबा घरात येतो

"डॉक्टर, अंगावरचं दूध पुरत नाही. कोणता डबा चांगला?"

भोसरी, मोशी, चिखली, चाकण या पट्ट्यात लहान मुलांना तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. दूध पुरतं का, असं कोणी विचारत नाही. पुरत नाही हे घरी आधीच ठरलेलं असतं. आता फक्त कंपनी निवडायची असते.

आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला तीस वर्षांहून अधिक काळ बंदी आहे. टीव्हीवर अशी जाहिरात तुम्ही पाहिलेली नसणार. मग दूध पुरत नाही ही खात्री येते कुठून? माझं मत स्पष्ट आहे. पावडर नंतर विकली जाते, आधी आईच्या मनात शंका विकली जाते. आणि ती विकण्यात कंपनीबरोबर आपणही सामील होतो: डॉक्टर, नर्स, केमिस्ट, नातेवाईक, शेजारी.

कायदा काय सांगतो?

हा कायदा 1992 चा. 1 ऑगस्ट 1993 पासून तो लागू झाला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक केला गेला. थोडक्यात त्यातल्या तरतुदी अशा:

- 2 वर्षांपर्यंतच्या बाळाची दूध पावडर, दुधाची बाटली आणि डबाबंद बेबी फूड यांची कुठल्याही माध्यमात जाहिरात करता येत नाही.
- गरोदर स्त्रीला किंवा बाळंतिणीला फुकट नमुना, भेटवस्तू किंवा इतर आमिष देता येत नाही.
- दवाखान्यात या वस्तूंचं पोस्टर लावता येत नाही.
- डॉक्टर, नर्स किंवा त्यांच्या संघटनांना कंपनीने भेट, परिषदेचा खर्च किंवा स्पर्धेचं प्रायोजकत्व देता येत नाही.
- डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापता येत नाही. आईचं दूधच सर्वोत्तम, ही सूचना मात्र ठळक छापावी लागते.

जाहिरातबंदी मोडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठ्या कंपनीला 5,000 रुपये म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा.

या कायद्यामागच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था 1991 मध्ये वर्ध्याला स्थापन झाली. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

मग जाहिरात येते कुठून?

पहिली वाट म्हणजे 2 वर्षांच्या पुढच्या मुलांचं 'वाढीचं दूध'. ते या कायद्यात बसत नाही. त्याचा डबा, रंग आणि नाव लहान बाळाच्या डब्यासारखंच ठेवलं, की एकाची जाहिरात दुसऱ्यालाही विकते.

दुसरी वाट मोबाइलची. गरोदरपणाचं ॲप, 'मॉम्स ग्रुप', इन्स्टाग्रामवरची ताई. ही जाहिरात आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. मध्यरात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन आई उपाय शोधते आणि तेव्हाच तिला 'पोट भरणारं', 'शांत झोप देणारं', 'मेंदूसाठी चांगलं' दूध सापडतं.

तिसरी वाट पांढऱ्या कोटाची, आणि मला सर्वात जास्त खटकते ती हीच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2022 मध्ये आठ देशांतल्या 8,500 पालक व गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात भारत नव्हता, शेजारचा बांगलादेश होता. पावडरीचं मार्केटिंग आपल्यापर्यंत पोचल्याचं निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं. एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांना आरोग्य कर्मचाऱ्यानेच एका ठरावीक कंपनीचं नाव सुचवलं होतं. डॉक्टरने चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहिलं, की कंपनीला टीव्हीची गरजच उरत नाही. आईच्या दृष्टीने ते औषध होऊन जातं.

शंका शिरते ती पहिल्या तीन-चार दिवसांत

बाळंतपणानंतर लगेच येतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो, कारण त्याचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी थोडे जास्त. या काळात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं.

हे कोणी आधी सांगितलेलं नसेल, तर दुसऱ्या रात्री काय होतं बघा. बाळ रडतं. छाती मऊ लागते. आजी म्हणते, दूधच नाही. ड्यूटीवरच्या कुणाला झोपायचं असतं. मग केमिस्टकडून डबा येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (2019-21) आकडे हेच दाखवतात. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे बाळ आमच्या हातात जन्मलं, तरी तो पहिला तास आम्ही आईला देऊ शकलो नाही. खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, हेही त्यामागचं एक कारण. पण सिझेरियन झालं तरी आई शुद्धीवर असेल, तर नर्सच्या मदतीने बाळ लवकर छातीला लावता येतं.

एक बाटली, मग दुसरी

बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. छाती रिकामी झाली की शरीराला निरोप जातो, आणखी बनव. भरलेली राहिली की निरोप जातो, थांब. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ चार तास झोपतं, छाती भरलेली राहते आणि दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी बनतं. मग दुसरी बाटली. पंधरा दिवसांत दूध खरोखरच कमी होतं आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो ना!

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून ओळखू नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का? पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम वजन वाढतं का? उत्तर हो असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ सारखं प्यायला मागतं, दोन-तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांच्या सुमारास ते एकदम भुकेलं वाटतं. दूध वाढवून घेण्याची ती त्याची पद्धत आहे. मात्र शू कमी होत असेल, बाळ सुस्त असेल किंवा वजन वाढत नसेल, तर घरी थांबू नका. लगेच दाखवा.

डब्याचा हिशोब

पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 750 मिली दूध लागतं. त्यासाठी जवळपास 100 ग्रॅम पावडर. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो आणि महिन्याला सात ते आठ डबे लागतात. दुकानातली किंमत पाहून गुणाकार करा आणि कंत्राटी कामगाराच्या पगाराशी ताडून बघा. हा खर्च झेपेनासा झाला की दोन चमच्यांऐवजी दीड चमचा पडतो आणि दूध पातळ होतं. बाळ पितं तेवढंच, पोषण मात्र कमी. त्यात पाणी किंवा बाटली स्वच्छ नसेल तर जुलाब ठरलेले.

सहा महिन्यांनंतरही नाव मोठं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एप्रिल 2024 मध्ये पब्लिक आय आणि इब्फान या संस्थांनी दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती, तर युरोपातलं तसंच उत्पादन साखरेविना विकलं जात होतं. आपण पाच वर्षांत साखर 30 टक्क्यांपर्यंत कमी केली, असं नेस्लेचं म्हणणं होतं. आपली नाचणीची पेज आणि मऊ वरणभात यांना जाहिरात नाही, एवढाच त्यांचा दोष.

आईला दोष देऊ नका

'आजकालच्या बायकांना पाजायला नको असतं' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. एमआयडीसीत लाइनवर उभी राहणारी आई सकाळी सहाला कंपनीची बस पकडते. सासू-आई लातूर, बीड किंवा बुलढाण्याला, नाहीतर थेट बिहारमध्ये. एका खोलीत नवरा-बायको आणि बाळ, नवऱ्याची रात्रपाळी. तिला 'पाज' म्हणून सांगणं सोपं आहे. पण कधी आणि कुठे पाजायचं, हे कोण सांगणार?

2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी हवी. पण ठेकेदाराकडे नाव असलेल्या, गरोदरपण कळताच 'ब्रेक' मिळण्याची भीती असलेल्या बाईपर्यंत यातलं किती पोचतं? जिथे ही व्यवस्था पोचत नाही, तिथे डबा पोचतो.

ज्यांना खरंच गरज आहे

काही बाळांना वरचं दूध लागतंच. आईवर केमोथेरपी चालू आहे, आई हयात नाही, बाळ दत्तक आहे, किंवा सगळे प्रयत्न करूनही वजन वाढत नाही. अशा आईने मनात अपराधी वाटून घेऊ नये. पावडर ही गरजेची वस्तू आहे, माझा विरोध ती खपवण्याच्या पद्धतीला आहे. देताना पाणी उकळा, ते गरम असतानाच (70 अंशांच्या खाली जाऊ न देता) पावडर मिसळा, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाळाला चालेल इतकं कोमट करून वाटी-चमच्याने पाजा. माप डब्यावर लिहिलंय तेवढंच घ्या आणि उरलेलं फेकून द्या.

काय करता येईल?

- सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा: पहिल्या तासात बाळ माझ्याजवळ देणार का? मला न विचारता वरचं दूध देणार का?
- चिठ्ठीवर डब्याचं नाव आलं, तर 'कशासाठी आणि किती दिवस?' हे विचारा. हा तुमचा हक्क आहे.
- तब्येत चांगली असेल तर बाळंतपणाआधी रजा कमी घ्या. आधी 8 आठवडे घेतले तर नंतर 18च उरतात.
- कामावर जाण्याच्या दोन आठवडे आधीपासून हाताने दूध काढायची सवय करा. काढलेलं दूध झाकून बाहेर 4 तास आणि फ्रीजमध्ये 24 तास ठेवता येतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात थेट फ्रीजमध्येच ठेवा.
- घरातल्यांनी 'दूध पुरतंय का गं?' असं रोज विचारणं थांबवावं. बाळंतिणीला जेवण, झोप आणि धीर द्यावा. काळजीने पान्हा अडतो.

कंपन्यांना त्यांचा माल विकायचा आहे, त्या ते करत राहतील. पण डॉक्टरची चिठ्ठी, नर्सचा सल्ला आणि शेजारणीचा शब्द त्यांच्या मालकीचा नाही. तो आपण फुकट देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.